कुमारी टिपणीस यांचा परवाना

“मिस्टरांचं नाव?” खिडकीतल्या माणसानं विचारलं.
नाहीत, म्हटलं.
मग वडिलांचं घातलं. त्र्यंबक.
त्यांनी जन्मात ताकापेक्षा आंबट काही घेतलं नव्हतं.
कारणाच्या रकान्यात डॉक्टरांचं अक्षर : निद्रानाश.
वय त्रेसष्ट.
शिक्का पडला. माणसानं मान वर केली,
माझ्या मागे पाहिलं,
खरं गिऱ्हाईक कुठं उभं आहे ते.

बाटली कापडी पिशवीत, वरून आडवा दुधी.
कारेलीबागेत रिक्षा वळली
तशी दर खड्ड्याला ती दुधीशी काहीतरी बोलायची.

मे महिना. टेनामेंटच्या मागची चार हात जमीन
दिवसभर भाजून आता घटाघटा पाणी पितेय.
पाइप हातात धरून मी ठरवते, आज कोण.
पुदिना तर विचारायचीही वाट पाहत नाही,
कुंडी सोडून मोरीच्या कडेनं चालत सुटलाय.
गवती चहा, ज्याला इथं लीली चा म्हणतात
आणि आता मीही म्हणते,
त्याच्या पात्यानं बोट कापतं, दर वेळी तेच बोट.
सब्जाची पाच-सहा पानं.
तुळशीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.
नको. तिला यात ओढायचं नाही.

पुदिना ठेचायचा नाही.
तळहातावर ठेवून एकच टाळी,
आरतीत ताल चुकलेल्या माणसासारखी.
गवती चहाचा पांढरा बुंधा लाटण्याखाली दाबायचा,
मोडेपर्यंत नाही, कबूल होईपर्यंत.
अर्धं कागदी लिंबू. खडीसाखरेचं पाणी.
स्टीलच्या डब्यात गोठवलेला बर्फ, खलबत्त्यात फोडलेला.
मग झाकण फिरवलं

आणि मी विद्यापीठात उभी,
वनस्पतिशास्त्राच्या मागच्या खोलीत,
तेहतीस वर्षं जिथं वाळलेली झाडं कागदावर टाचली.
कपाट अकरा, खालचा कप्पा :
हपुषा. थंड डोंगरांवरची.
फळं निळसर, सुकून मिऱ्याएवढी झालेली,
डिंकानं आणि सुतानं बसवलेली, खाली माझं अक्षर.
डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली तिचा वास आहे
असं वाटायचं. खात्री नव्हती.
म्हणजे ही तूच.
ओली कशी असतेस, कुणी सांगितलंच नव्हतं.

कुंपणावरून जसुबेन :
“थोडी लीली चा आपशो?”
आणि मग नाक वर, गप्प.
परवान्यावर लिहिलेलं आहे, दुसऱ्याला द्यायची नाही.
मी नोंदवहीत कधी खाडाखोड न केलेली बाई.
म्हणून दुसरा ग्लास.
तोच पुदिना, तीच टाळी, लिंबाचं उरलेलं अर्धं,
वर गोटी सोडा. ती एक सोडून सगळं.

ओट्यावर दोघी बसलो, पाय खाली सोडून.
तिनं घोट घेतला, विचार केला,
माझ्या ग्लासकडे पाहिलं.
“सरस छे. पण तमारामां कंईक वधारे छे.”
हो, म्हटलं. एक झाड जास्त आहे.
“कयुं?”
डोंगरातलं. इकडे लागत नाही.

विश्वामित्रीवरून संध्याकाळी वारा येतो म्हणतात.
आला नाही.
माझे कान गरम झाले होते,
मी तिला कपाट अकराबद्दल सांगितलं,
जे आजवर कुणी विचारलं नव्हतं, तिनंही नाही.
कोणत्या कागदावर वाळवी लागली तेसुद्धा.
तिनं पुदिन्याचं पान चावून खाल्लं, देठासकट.

जाताना फाटकाशी थांबली.
घरात मुलगा टीव्ही बघत होता, त्याच्याकडे एक नजर,
मग हळूच :
“डॉक्टरने शुं कहेवानुं? ऊंघ नथी आवती, एटलुं ज ने?”
एवढंच, म्हटलं. खोटं बोलावं लागत नाही.
“ना,” ती म्हणाली. “खोटुं तो नथी ज.”

गवती चहा तसाच ओट्यावर राहिला.